यमीची आत्या

द्वारकाताईंच्या छत्रीला भोकं होती, आणि ती त्यांनी स्वतः पाडली होती. दाभण तापवून, काळ्या कापडावर खडूने खुणा करून, एकेक. छत्री उन्हात उघडून खाली उभं राहिलं की डोक्यावर सप्तर्षी दिसत, काठाशी मृग, आणि दांडा कापडाला टेकतो तिथे ध्रुव. "आता फिरव," असं त्या मुलीला सांगत. मुलगी दांडा फिरवी आणि सगळं आभाळ ध्रुवाभोवती गरगर फिरे. शिकवायला याहून चांगलं साधन मी पाहिलं नाही, आणि रत्नागिरीच्या पावसाला याहून वाईटही पाहिलं नाही. आषाढात त्या शाळेत आल्या की मुली त्यांच्या लुगड्यावरचे ओले ठिपके बघून आपसांत कुजबुजत, "आज सप्तर्षी जास्त गळलेत."

मी मुलींच्या शाळेत शिवण शिकवायला लागले तेव्हा विसाव्या शतकाची विशी चालू होती. द्वारकाताई तिथे आधीपासून होत्या. भूगोल, गणित आणि जे दुसऱ्या कोणाला नको असेल ते सगळं त्यांच्याकडे असे. लहानपणी लग्न, लहानपणीच वैधव्य, मग भावाने पुण्याला धाडून शिकवलं आणि त्या मास्तरीण होऊन आल्या. यापलीकडे त्यांनी स्वतःबद्दल मला कधी काही सांगितलं नाही. शनीला कडी का आहेत ते मात्र मी न विचारता अनेकदा सांगितलं.

गंमत अशी की या बाईंना रात्र जमत नसे. दिवेलागणीनंतर थोड्याच वेळात त्यांना जांभया सुरू होत. शिवाय एकट्या विधवा बाईने अंधारात गच्ची-अंगणांतून माना वर करून हिंडणं गावाला सोसलं नसतं. म्हणून त्यांची सगळी तारांगणं दिवसाउजेडी भरत. "तारे काय, असतातच गो वर," त्या म्हणत. "उजेड आहे म्हणून ते घरी थोडेच जातात?"

"सोपं आहे गो, अगदी सोपं," हे त्यांचं दुसरं वाक्य. ते ऐकलं की मी सुई खाली ठेवायची, कारण पुढे जे येई ते कधीच सोपं नसे. मधल्या सुट्टीत माझ्या डब्यातली भाकरी सूर्य होई, लोणच्याची फोड मंगळ होई, आणि ग्रहांची युती दाखवता दाखवता त्या दोन्ही खाऊन टाकत. चालताना नजर वर, त्यामुळे वाटेवरचा प्रत्येक दगडी गडगा त्यांच्या पायांच्या ओळखीचा झाला होता. अंगठ्याला चिंधी नाही असा त्यांचा पाय मला आठवत नाही. एकदा बाजारपेठेत त्या एका गाईवर आदळल्या आणि वर न पाहताच म्हणाल्या, "माफ करा हं, काकू." गाय बाजूला झाली, पण मागून खरोखरच मथुराकाकू येत होत्या आणि त्यांनी ते ऐकलं.

मथुराकाकू म्हणजे आमच्या शाळेच्या कमिटीचे अध्यक्ष बापूसाहेब, त्यांची बायको. अंगाने भरभक्कम, आवाजाने त्याहून भक्कम. कमिटीत बापूसाहेब बसत, पण निर्णय आदल्या दिवशी स्वयंपाकघरात झालेला असे. गाईच्या प्रकारानंतर काकूंनी द्वारकाताईंकडे बघणं सोडलं होतं.

अशात ग्रहण आलं. थंडीचे दिवस, आभाळ स्वच्छ, भर दुपारी सूर्याला ग्रहण लागायचं होतं. द्वारकाताईंचा आनंद पोटात मावेना. सगळ्या गावाच्या बायकांनी ते पाहावं असं त्यांच्या मनात होतं. पण बायका ग्रहणात बाहेर पडणार कुठल्या? आणि काकूंची सून सुशी तेव्हा पोटुशी होती. काकूंनी तिला माजघरात बसवून दारं-खिडक्या लावल्या, फटींवर गोधड्या टांगल्या. काकूंना सोबत हवी म्हणून शेजारची मी तिथे होते.

माजघरात गुडुप अंधार झाला. सुशी पाटावर हात-पाय सरळ ठेवून बसली होती, कारण काही वाकवायचं नाही, चिरायचं नाही, शिवायचं नाही. तेवढ्यात तिचं लक्ष जमिनीकडे गेलं. वर कौलांत कुठेतरी बारीक फट होती. तिच्यातून रोज उन्हाचा एक गोल कवडसा सारवणावर पडे. त्या कवडशाचा एक घास कोणीतरी खाल्ल्यासारखा दिसत होता.

"सासूबाई," सुशी हळूच म्हणाली, "हे आत आलंय."

काकूंनी बघितलं आणि त्या उठल्या. त्यांनी कवडशावर पाट टाकला. कवडसा पाटावर आला. पाटावर परात पालथी घातली, तर तो परातीवर आला आणि आणखीच चकाकू लागला. मग काकू स्वतः परातीवर बसल्या. आता खाल्लेला सूर्य त्यांच्या पदरावर होता. त्यांनी पदर झटकला, तो दंडावर गेला, दंड सावरला तर मांडीवर उतरला. सुशीला हसू आवरेना आणि हसावं की नाही हेही तिला कळेना.

बाहेर खिडकीशी खोकल्याचा आवाज झाला. द्वारकाताई अंगणात उभ्या होत्या, गोधडीची कड सरकली होती तिथे फटीला डोळा लावून.

"काकू, तुम्ही सांगितलंत तसंच केलंय हो सुशीने. ती बाहेर आलेली नाही," त्या गोधडीपलीकडून म्हणाल्या. "पण आता ते आपणहून भेटायला आलंय, तर बघून घ्या. सोपं आहे, अगदी सोपं. भोक बारीक असलं की सूर्याचं चित्र पडतं. चंद्र मध्ये आला की चित्राचा तुकडा जातो. घटकाभरात परत येईल."

"तुम्हीच पाठवलंत हे आत," काकू म्हणाल्या.

"मी कोण पाठवणार?"

"द्वारकाबाई, माझ्या नातवंडाच्या ओठाला नाहीतर कानाला काही झालं ना, तर शाळेच्या पायरीवर पाय ठेवून दाखवा."

मग द्वारकाताई म्हणाल्या, "बरं. पण आता तुमच्या मांडीवर आहे ते तरी नीट बघा. असं रोज मिळत नाही."

आणि काकूंनी बघितलं. मी शेजारीच होते म्हणून सांगते. सूर्याची कोर बारीक झाली, मग हळूहळू जाड होत गेली, आणि काकू परातीवर बसून, पदर ताणून धरून, एकदाही न हलता ते बघत राहिल्या. मात्र ग्रहण सुटल्यावर अंघोळ करून त्यांनी धमकी पुन्हा एकदा, मोठ्याने, बापूसाहेबांसमोर दिली.

पुढचे महिने द्वारकाताईंना मी पहिल्यांदाच गप्प पाहिलं. काकूंचा शब्द म्हणजे कमिटीचा शब्द, आणि ही शाळा सुटली तर त्यांना दुसरं काही नव्हतं. भाऊ वारले होते, भावजय विचारत नव्हती. छत्री मिटलेली असे. मधल्या सुट्टीत माझ्या भाकरीची भाकरीच राही. एकदा मी विचारलं, "ताई, तुमचा विश्वास नाही ना असल्या गोष्टींवर?"

"नाही," त्या म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण गो मनू, मुलं ग्रहणाशिवायही कशीही जन्मतात. आणि त्याला काही झालं तर सुशीला आयुष्यभर वाटेल, मी का बघितलं. नोकरीचं मग बघता येईल."

सुशीला मुलगा झाला. ओठ, कान, बोटं सगळं जागच्या जागी. वजनाने आजीवर, आणि आवाजानेही. सुईण बाहेर येऊन सांगेपर्यंत गल्लीने तो ऐकला होता. द्वारकाताई त्या दिवशी वर्गात भागाकार शिकवत होत्या. मी दारातून खूण केली, तर त्यांनी फळ्याकडे तोंड वळवलं आणि बराच वेळ एकच आकडा पुसत उभ्या राहिल्या.

त्यानंतर मथुराकाकूंनी काय करावं? त्या एका सकाळी शाळेत आल्या आणि म्हणाल्या, "द्वारकाबाई, ते मांडीवर आलं होतं तसलं आणखी काही आहे का तुमच्याकडे?"

तसलं म्हणजे सूर्यमाला. द्वारकाताईंनी ती मांडवीच्या किनाऱ्यावर काळ्या वाळूत मांडायची ठरवली. सूर्य म्हणजे मोठा लाल भोपळा. त्या मानाने पृथ्वी धण्याचा दाणा, गुरू आवळा, शनी सुपारी. भोपळा धरून कोणीतरी मधोमध बसायला हवं होतं. "सूर्याला हलावं लागत नाही," द्वारकाताई म्हणाल्या, आणि काकूंनी लगेच खुर्ची मागवली. बाकीच्या मुली मुठीत आपापला ग्रह घेऊन भोवती फिरायच्या. बुध झालेली पोर पळून पळून धापा टाकायला लागली. पृथ्वीला स्वतःभोवतीही फिरायचं होतं, ती जरा वेळाने वाळूत बसली आणि तिला ओकारी आली. बघायला जमलेल्या कोळणी म्हणाल्या, "येवढा फिरल्यावर व्हायचाच."

नेपच्यून राहिला. भोपळ्याच्या हिशेबाने तो पाऊण मैलावर हवा होता, आणि एवढ्या लांब मुलीला धाडणं शक्य नव्हतं. तेव्हा शाळेचा शिपाई गणू याला वाटाणा देऊन द्वारकाताई म्हणाल्या, "राजिवड्याच्या अंगाला जा. तिथून सूर्याभोवती फिरायला लाग. पण हळू. तुला एका फेरीला दीडशेच्या वर वर्षं लागतात."

गणूने मान डोलावली आणि तो गेला.

संध्याकाळ झाली. मुली घरी गेल्या, सूर्य घरी गेला, आणि काकूंनी भोपळ्याचे घारगे करून सगळ्यांना वाटले. नेपच्यूनची आठवण कोणालाच झाली नाही. दुसऱ्या दिवशी शाळेला कुलूप. किल्ली गणूकडे. मुली ओटीवर बसलेल्या, आणि गणूची बायको दारात उभी. "आमचे ह्ये कुटं हाईत, बाय? काल तुमी त्येंना आबालात पाटवलात म्हनं."

समुद्रात तर नाही ना गेला, म्हणून द्वारकाताई बंदराकडे धावत सुटल्या, पाठोपाठ आम्ही सगळ्या. तर गणू समोरून सावकाश येत होता. भाट्याला जाणारी तरीची होडी पकडून तो खाडीपलीकडे सासुरवाडीला जाऊन आला होता.

"गणू, अरे काम सोडून कसा गेलास?"

"दीडशे वरसांचा काम दिलात, बाय," तो म्हणाला. "मी म्हटला, मदी येकदा जाऊन येऊ."

"आणि वाटाणा?"

गणूने मान खाली घातली. "त्यो सासऱ्याच्या कोंबडीनं खाल्लान."

त्यानंतर शाळेच्या अंगणात कोंबडी आली की मुली तिला हाकलत नसत.

पुढे काही वर्षांनी मुंबईच्या आगबोटीबरोबर आलेल्या वर्तमानपत्रात बातमी होती, की नेपच्यूनच्याही पलीकडे नवा ग्रह सापडला. द्वारकाताई ते पान हातात धरून माझ्या शिवणाच्या वर्गात शिरल्या. "मनू, झाला गो," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या. त्यांच्या बोलण्यावरून वर्गातल्या एका मुलीला वाटलं, घरी कोणाला तरी मूल झालं. तिने विचारलं, "मुलगा की मुलगी?"

द्वारकाताईंनी तिच्याकडे नीट बघितलं आणि त्यांना ते सुचलं. नव्या ग्रहाचं बारसं करायचं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. गावातल्या कुठल्याच बारशाला त्यांना बोलावणं नसे. हळदीकुंकवाला नाही, डोहाळजेवणाला नाही. सुशीच्या मुलाचं बारसं झालं तेव्हाही त्यांनी माझ्याबरोबर टोपडं धाडलं होतं आणि त्या घरीच थांबल्या होत्या. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, आणि आम्हीही विचारलं नाही.

शाळेच्या मोठ्या खोलीत पाळणा बांधला. तो मथुराकाकूंच्या घरचा होता. आत दुपट्यावर एक मोहरीचा दाणा, कारण ग्रह लहान आहे असा द्वारकाताईंचा अंदाज. दृष्ट लागू नये म्हणून मी त्याला काजळाची तीट लावायला गेले, तर दाणा बोटालाच चिकटून आला आणि कुठेतरी पडला. मग शोधाशोध. अखेर डब्यातून दुसरा दाणा आणला, आणि "जुळं झालं का हो?" असं कोणीतरी मागून विचारलं. गावातल्या पुष्कळ बायका आल्या होत्या. सुशी मुलाला कडेवर घेऊन आली होती, आणि तो पाळणा आपला आहे म्हणून रडत होता.

नाव काय ठेवायचं यावर गाडं अडलं. "तिकडच्या लोकांनी पाताळाच्या देवाचं नाव ठेवलंय," द्वारकाताई म्हणाल्या. "आपल्याकडे म्हणजे यम."



"पाळण्यातल्या पोराचं नाव यम?" एक म्हातारी म्हणाली. "मग आम्ही उठतो."

"अहो, ग्रह आहे तो."

"असेल. पण पाळण्यात आहे ना?"

मथुराकाकू पाळण्यात वाकून मोहरीकडे बघत होत्या. "मुलगी आहे म्हणा," त्या म्हणाल्या. "यमुना नाव ठेवा. घरात यमी म्हणू. यमाची बहीणच ती, म्हणजे तिकडच्यांचंही मन राहिलं."

सगळ्यांना पटलं. मग म्हातारीने विचारलं, "आत्या कोण?"

नाव कानात सांगायचा मान आत्याचा. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. द्वारकाताई सवयीने दोन पावलं मागे सरकल्या, भिंतीपर्यंत. बारशाच्या खोलीत आपली जागा कुठे असते ते त्यांना पाठ होतं.

"आता मागे कुठे निघालात?" काकू म्हणाल्या. "तुम्हीच आत्या. तुमच्याशिवाय त्या पोरीची इथे ओळख कोणाला आहे?"

म्हातारीने काहीतरी पुटपुटायला तोंड उघडलं. काकूंनी तिच्याकडे एकदा बघितलं आणि तिने ते मिटलं.

द्वारकाताई पुढे आल्या. मोहरीला कान कुठे असतो ते कोणालाच माहीत नव्हतं. त्या वाकल्या, ओठांशी हात धरला आणि दाण्याच्या बाजूला हळू म्हणाल्या, "कुर्र." मग नाव सांगितलं. रिवाजाप्रमाणे जमलेल्या सगळ्या बायका त्यांच्या पाठीवर तुटून पडल्या. धपाधप बुक्के. काकूंचा एकेक बुक्का तर माझ्यापर्यंत ऐकू येत होता. द्वारकाताई पाळण्याची दोरी धरून वाकलेल्याच राहिल्या. आम्ही थांबलो तरी त्या उठेनात. जोरात लागलं की काय म्हणून मी जवळ गेले, तर त्या हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या, आणि म्हणत होत्या, "आणखी मारा गो."

घुगऱ्या वाटल्या. म्हातारीने दोनदा घेतल्या.

याचं पुढे व्हायचं ते झालं. शाळा तपासायला इन्स्पेक्टर आले, मोठे कडक म्हणून नाव होतं. त्यांनी चौथीतल्या मुलीला उभं केलं. "सूर्यापासून सर्वांत दूरचा ग्रह कोणता?"

"यमी," मुलगी म्हणाली.

"काय?"

"यमी. पाळण्यातलं नाव यमुना."

साहेबांनी चष्मा काढला. बापूसाहेब भिंतीवरच्या नकाशाकडे बघू लागले. द्वारकाताईंनी तोंड उघडलं, पण तेवढ्यात लाडवांचं ताट घेऊन दारात आलेल्या मथुराकाकू म्हणाल्या, "बरोबर सांगतेय ती. आम्ही रीतसर बारसं केलंय. तुमच्या पुस्तकात दुसरं काही असेल तर ते बारशाआधीचं असेल."

साहेबांनी काकूंकडे पाहिलं, ताटाकडे पाहिलं, मग द्वारकाताईंकडे. "ती यमी सूर्यापासून इतकी दूर आहे, तर तिथे ऊन कसं पडतं?" त्यांनी मुलीला विचारलं.

"नाहीच पडत फारसं," ती म्हणाली. "भर दुपारी आपल्याकडे दिवेलागण असते तसं. आणि थंडी. दुपट्याने भागत नाही."

साहेबांनी ताटातला लाडू उचलला. "बारशाला घुगऱ्या होत्या का?" त्यांनी विचारलं. होत्या म्हटल्यावर म्हणाले, "आम्हाला बोलावणं नव्हतं ते." आणि पुढच्या वर्गात गेले. शाळेतला आभाळाचा तास कायम राहिला. पुढे कितीतरी वर्षं आमच्याकडच्या मुली लग्न होऊन लांजा-चिपळूणकडे गेल्या त्या यमीला घेऊनच गेल्या, आणि तिकडच्या मास्तरांशी भांडल्या.

शतकाची तिशी संपत आली तेव्हा द्वारकाताई थकल्या. भाचा आता मोठा होऊन मुंबईला नोकरीला लागला होता, त्याच्याकडे जायचं ठरलं. त्या गेल्या ती सकाळ मला दिसते. आगबोट लांब उभी होती आणि उतारू पडावातून, म्हणजे वल्ह्यांच्या मोठ्या होडीतून, तिच्याकडे चालले होते. समुद्र बरा नव्हता. पडाव वर-खाली होत होता, माणसं एकमेकांना धरून बसली होती, एक-दोघे काठावरून खाली वाकले होते. मी धक्क्यावरून बघत होते, हात हलवायला म्हणून. द्वारकाताईंनी मागे वळून पाहिलंच नाही. पश्चिमेला, आगबोटीच्या धुराच्या वर, सकाळचा फिकट चंद्र अजून टिकून होता आणि त्यांना तो दिसला होता. त्या पडावात उठून उभ्या राहिल्या.

"बाई, खाली बसा," सुकाणूवरचा तांडेल ओरडला. वाऱ्यावरून ते मला ऐकू आलं.

त्या बसल्या. पण हात वरच होता, बोट चंद्राकडे. शेजारच्या बाईने वर पाहिलं. मग तिच्या नवऱ्याने. ओकणाऱ्या माणसाने मान उचलली. हळूहळू सगळा पडाव वर बघायला लागला, वल्ही मारणारे खलाशीसुद्धा. शेवटी तांडेलानेही वर पाहिलं, आणि पडाव जाऊन आगबोटीच्या कुशीवर धाडकन आपटला.